समुद्राची ओटी

बावारो, पुंता कानाजवळ
रविवार

प्रिय ज्योत्स्नाबाई,

सप्रेम नमस्कार. ‘विहीणबाई’ लिहिणार होते, पण तो शब्द लिहिला की मानपानावरून भांडायला बसल्यासारखं वाटतं, म्हणून सरळ नावच लिहिलं. पत्र पाहून घाबरू नका. आरती खुशाल आहे, नात खुशाल आहे, तुमचे जावई नेहमीसारखे कढईपुढे उभे आहेत. रोज व्हिडिओवर एकमेकींची तोंडं बघतो, मग कागदावरचा हा खटाटोप कशाला, असं तुम्हाला वाटणारच. योगेशच्या हॉटेलातला एक आचारी सुटीवर नागपूरला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते आहे. अकोल्याला घरी आणून देईन म्हणाला. त्याला नीट चहा-फराळ द्या, आणि पत्र मात्र आतल्या खोलीत नेऊन एकट्याच वाचा.

परवा फोनवर तुम्ही मला एक विचारलंत आणि मी ‘आवाज येत नाही’ म्हणून फोन ठेवून दिला. आवाज चांगला येत होता. आरतीच्या भावाच्या, गोपालच्या लग्नात त्याला पहिली हळद मी लावावी, असं तुम्ही म्हणालात. हळद लावायला सवाष्णी बसतात, आणि आमचे नत्थुजी जाऊन दोन वर्षं होत आली. वरूडला माझं कसं चालतं ते तुम्ही पाहिलं आहे. संत्र्याच्या बागेचा सौदा मीच करते. व्यापाऱ्यानं भाव पाडला तर त्याला बांधावरून परत पाठवते. पण कोणाकडे कार्य असलं आणि कुंकवाचा करंडा फिरायला लागला, की मी आपणहून उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन पापड तळायला लागते. कोणी मला ऊठ म्हणत नाही. म्हणायची वेळच मी येऊ देत नाही. तर तुमच्या विचारण्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते देण्याआधी इथं समुद्रावर काय झालं ते सगळं सांगते, कारण त्या दिवशी फोनवर तुम्हाला अर्धंच दिसलं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मला काय सांगायला हवं? तुमची बॅग भरून तयार होती. तेवढ्यात तुमच्या सासूबाई, पार्बताबाई, न्हाणीत घसरल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि तुम्ही खाटेशी बांधल्या गेलात. पोरीच्या पहिल्या बाळंतपणाचा मान दुसऱ्या बाईच्या हातात देताना आईला काय होतं ते मी तुमच्या तोंडावर पाहिलं. तरी तुम्ही डिंकाचे लाडू, हळीव, शेपा, जुनी मऊ लुगडी, सगळं गाठोडं घेऊन वरूडला आलात आणि म्हणालात, “माया पोरीले जपजा. आता ते तुमचीच हाये.” तुमच्या त्या गाठोड्यावर माझं इथं सव्वा महिना चाललं. एवढंच की पहिल्या आठवड्यात मी शेप-ओव्याची धुरी दिली आणि छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र बोंबलायला लागलं. सगळी इमारत अनवाणी खाली पळाली. एक म्हातारा मला उद्देशून बराच वेळ बोलत होता. शिव्याच असतील, पण त्याची भाषा इतकी गोड की मी हात जोडून त्याला लाडू दिला. आता रोज जिन्यात भेटला की हसतो.

तर सव्वा महिना झाला आणि विहिरीचा प्रश्न आला. आपल्याकडे बाळंतीण विहिरीवर जाते, पाण्याला हळदकुंकू वाहते, कोणी सवाष्ण तिला कुंकू लावून तिची ओटी भरते, आणि मग ती घरच्या कामाला मोकळी होते. इथं विहीर कुठली? पाणी गच्चीवरच्या टाकीत, पिण्याचं बाटल्यांत. योगेश म्हणाला, आई, बाटलीला कुंकू लाव. त्याच्या जन्माच्या वेळी मी बागेतल्या विहिरीवर गेले होते, ते त्याला सांगून काय उपयोग. मग आरतीच म्हणाली, पाणी तर दाराशी एवढं मोठं आहे, समुद्रावर जाऊ. मला पटलं. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला समुद्राचं काय ठाऊक, पण जिथं एवढं पाणी आहे तिथं देव नसेल कसा?

आधी योगेशच्या हॉटेलाच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं मनगटाला रंगीत पट्टी बांधतात, ती बांधली की दिवसभर वाट्टेल ते खा, वाट्टेल ते प्या. पंगतच म्हणायची, फक्त आग्रह करणारं कोणी नाही. पोहायच्या हौदात दगडी स्टुलं आहेत. त्यांच्यावर गळ्याएवढ्या पाण्यात बसून म्हाताऱ्या बायका सरबत पितात. पलीकडे समुद्र. ज्योत्स्नाबाई, ते पाणी तुम्ही पाहायला हवं होतं. काठाशी काचेसारखं स्वच्छ, पुढे कोवळ्या पानाच्या रंगाचं, आणि पार लांब गर्द निळं. वाळू पिठीसाखरेसारखी. सकाळी सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली येते आणि रात्री वाहून आलेलं तपकिरी शेवाळ भरून नेते. इतक्या लांब ट्रॅक्टर दिसला म्हणून मला एवढा आनंद झाला की मी ड्रायव्हरला हात केला. पण मी ताटावरचं फडकं काढलं तसा एक रखवालदार आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, समुद्रात काही टाकायचं नाही. त्याचं बरोबरच होतं. शिवाय आजूबाजूला सगळे जवळजवळ उघडेच पहुडलेले, त्यांच्यात हिरवी साडी नेसून उभ्या आरतीलाच लाज वाटायला लागली.

पुढच्या सुटीला योगेशनं दक्षिणेकडच्या एका शांत किनाऱ्यावर नेलं. पाणी तळ्यासारखं निवांत, नारळ वाकून त्याला टेकायला आलेले. मला वाटलं, हीच जागा. पण तिथं कोणाचं तरी लग्न चाललं होतं. वाळूत पांढऱ्या खुर्च्या, फुलांची कमान, आणि नवरी अनवाणी. आम्हाला बघून त्या लोकांनी हसून या, या असा हात केला. योगेश-आरती पुढे झाले आणि मी मागे सरले. परका देश, परकी माणसं, त्यांच्यात कुंकू नाही, करंडा नाही, कोण सवाष्ण नि कोण विधवा हे कोणाला ठाऊकही नाही, आणि माझे पाय आपले मागे. आरतीनं ते पाहिलं. घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

तिसरा किनारा इथल्याच माकाओ गावचा. तिथं हॉटेल नाही, भिंत नाही, गावची माणसं येतात. लाटा मात्र दांडग्या, आणि काठाला मासे तळणाऱ्या बायकांच्या टपऱ्या. सकाळी लवकर पोचलो. आरती तुम्ही दिलेली हिरवी साडी नेसली होती. ताटात हळदकुंकू, तांदूळ, खण, आणि तिथंच झाडाखाली सापडलेला नारळ. पाण्यात फक्त तांदूळ आणि चिमूटभर हळदकुंकू सोडायचं ठरलं, कोणाला त्रास नको. आता आरतीला कुंकू लावून ओटी कोण भरणार? मी बाळाला घेऊन दहा हात लांब उभी. एका टपरीत आल्ताग्रासिया नावाची धिप्पाड बाई कढई तापवत होती. मी योगेशला म्हटलं, तिला विचार, नवरा आहे का. योगेशचे कान लाल झाले. आई, असं कोणी विचारतं का, म्हणाला. मी म्हटलं, विचार. त्यानं विचारलं. ती बाई हातातला झारा हलवून मोठ्यानं हसली आणि म्हणाली, कोणता? पहिला देवाघरी गेला, दुसरा दुसरीकडे गेला, आणि तिसरा तो बघा नारळाखाली घोरतो आहे. झाली का पंचाईत! गेलेला धरायचा की घोरणारा? मी खरंच उभी राहून विचार करत होते, आणि माझी सून तोंडाला पदर लावून हसत होती.

तेव्हाच आरतीनं तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे सायंकाळ होत आली होती. आई, इथं सवाष्ण नाही, सासूबाईंनीच लावलं तर चालेल का, असं तिनं सरळ विचारलं.  तुम्ही मागे वळून खाटेकडे पाहिलंत. त्याचा मला राग नाही, तुमच्या जागी मीही पाहिलं असतं. आणि मागच्या खाटेवरून पार्बताबाईंचा आवाज आला. मला तर वाटत होतं, घरातलं सगळं सोवळंओवळं त्यांच्याच धाकानं चालतं. त्या म्हणाल्या, “काहून थांबल्या? सासू उभी हाये ना तिथं! तिले म्हना, लाव. मले चाळीस वर्सं कोनी लावू देल्लं नाही. अन् मीबी कोनाले इचारलं नाही.” मग तुमचा आवाज आला, “आशाबाई, लावा.”

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. मग फोन वाळूत पडला आणि तुम्हाला नुसतं आभाळ दिसलं असेल. पुढचं आता ऐका. योगेशनं बाळ घेतलं. मी करंडा उघडला आणि बोट कुंकवात घातलं. दोन वर्षांत माझ्या बोटाला तो रंग लागला नव्हता. हात पुढे जाईना. आरतीनं काय केलं असेल? तिनं पदर पसरला आणि कपाळ माझ्या बोटाला आणून टेकवलं. कुंकू वाकडं लागलं, पण लागलं. मी तिची ओटी भरली. मग आम्ही दोघी पाण्यात उतरलो आणि मी तांदूळ सोडायला वाकले, तर एक लाट आली आणि दोघींना कंबरेपर्यंत भिजवून गेली. विहीर असं काही करत नाही! आरतीनं ताटातली उरलेली हळद घेतली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली. मी भर समुद्रात हुंदके देऊन रडले. नत्थुजी गेले तेव्हाही लोकांसमोर अशी रडले नव्हते. आल्ताग्रासिया धावत आली, तिला वाटलं पाय मुरगळला. मला टपरीत नेऊन बसवलं आणि गरम मासा पुढे केला. आपण खात नाही म्हटल्यावर तिनं कच्ची केळी ठेचून तळून दिली, मीठ लावून. फार चांगली लागतात. खण मी तिला दिला, तो तिनं लगेच डोक्याला बांधला.

ज्योत्स्नाबाई, मी बोलायला फटकळ, पण आभार मला मानता येत नाहीत. आज मानते. तुम्ही तुमची पोरगी मला दिली, तिचं बाळंतपण मला दिलं, आणि भरल्या घरात बसून ‘आशाबाई, लावा’ म्हणालात. तिकडे कोणी ऐकलं असतं, चार तोंडं झाली असती, त्याची तुम्ही पर्वा केली नाही. त्या दिवसापासून मला बरं वाटतं आहे. जेवण जातं, झोप लागते. परवा तर हॉटेलाच्या हौदात पाय सोडून बसले आणि कलिंगडाचं सरबत मागवलं. नात माझ्याकडे बघून हसते. डोळे अगदी तुमचे आहेत, हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं ते खरं.

आता तुमच्या विचारण्याचं उत्तर. लग्नाच्या आधी मी वरूडला पोचते आणि तिथून अकोल्याला येते. हळद मी लावीन, स्वयंपाकघरात जाणार नाही. पण पहिली लावणार नाही. पहिली हळद पार्बताबाई लावतील. त्या दिवशी त्या खाटेवरून बोलल्या ते आपण माझ्यासाठी म्हणून ऐकलं. नंतर मी रात्रंदिवस तेच वाक्य मनात घोळवते आहे, आणि मला वाटतं, म्हातारी स्वतःसाठीही बोलली. चाळीस वर्षं! तुमच्या लग्नातही त्या दाराआड उभ्या असतील, आणि तुम्ही तर त्यांच्याच घरात सून म्हणून येत होतात. हे फोनवर बोलले असते तर खाटेवरून त्यांनी ऐकलं असतं आणि ‘मले नोको’ म्हणून आधीच हात झटकला असता. म्हणून हे पत्र लिहिलं. त्यांना आधी काही सांगू नका. हळदीच्या दिवशी त्यांची खुर्ची मांडवात आणा, गोपालला त्यांच्या पायाशी बसवा, आणि हळदीची वाटी सरळ त्यांच्या हातात द्या. नाही म्हणाल्या तरी वाटी परत घेऊ नका.  त्यांचा हात खालून धरायला मी शेजारी बसते.

तुमचीच,
आशा