घाटंजीहून येताना

वणी, सोमवार

आईले अर्पिताचा नमस्कार.

गुडघा नुसता खरचटला, घाबरू नको. मोटारसायकल शिकून दोन महिने झाले, म्हणून काल पहिल्यांदा घाटंजीपर्यंत दिवसभराची चक्कर मारली. येताना कोळशाच्या ट्रकनं मले रस्त्याखाली दाबलं आन मी गिट्टीवर घसरली.

लोक जमले. ट्रकवाल्याले कोणी थांबवलं नाही. एक काका मलेच म्हणे, "पोरीच्या जातीनं गाडी कायले चालवा लागते? घरच्या माणसाले बोलाव."

मी म्हटलं, "घरचं माणूस मीच आहो. हात लावा, गाडी उचलू."

उरलेले चाळीस किलोमीटर मीच चालवत आली. राग अजून गेला नाही.

तुरी सोंगून झाल्या का?

बाबाले सांगू नको, असं लिहिणार होती. पण सांगच. चूक माही नव्हती.

तुही अर्पिता