सहा मोठे की बेचाळीस

४ जानेवारी

मुलगी! पुनमला मुलगी झाली — आणि तीही दोन महिने आधी. आईवरच गेली, तिलाही कधी दम निघाला नाही. धुळ्याहून योगेंद्ररावांचा, म्हणजे जावयांचा, फोन आला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय म्हणे. वजन विचारलं तर म्हणाले, एक पॉइंट पाच. म्हणजे एक किलो आणि वर काहीतरी पाच. हे पॉइंट मला सातवीपर्यंत शिकवले असतील, तर ते मी शाळेतच ठेवून आले. माझा सगळा जन्म बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, विकण्यात गेला, पाव, अर्धा, पाऊण, संपला हिशेब.

दोन किलो भरली की सोडणार, मग मायलेकी इकडे एरंडोलला येणार. तोवर पेटीजवळ फक्त आईबाप. मला म्हणाले, तुम्ही दगदग करू नका. बॅग भरून झाली होती. ती पलंगाखाली सारली.

७ जानेवारी

एक पॉइंट बेचाळीस! पाचावरून थेट बेचाळीस! मी फोनवर ओरडलेच. पुनम म्हणाली, "हो आई. वाढतंय." आवाज बसल्यासारखा वाटला. दवाखान्यात गारठा असणार. तिला म्हटलं, कानाला बांधून बस.

लगेच गूळ-खोबरं केलं. आणि नवल म्हणजे नाना — म्हणजे माझे हे, पण सगळी गल्ली नाना म्हणते — स्वतः ताट घेऊन घरोघर वाटत फिरले. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागणारा माणूस! नातीने अजून डोळे उघडले नाहीत, तर आजोबांना कामाला लावलं.

११ जानेवारी

सेहेचाळीस.

१४ जानेवारी

एक्कावन्न! तिळगूळ पद्मालयाच्या गणपतीपुढे ठेवला आणि म्हटलं, असंच चालू दे रे बाबा.

१८ जानेवारी

सहा. एक पॉइंट सहा! कालचे सत्तावन्न गेले कुठे? आणि पुनम तिकडे हसत होती. मी म्हटलं, अगं, उतरलं ना? तर म्हणते, नाही आई, आज छान वाढलंय, डॉक्टर आले, तुला नंतर समजावते. उतरलं तरी हसते? मला धीर द्यायलाच हसत असणार. पोरगी लहानपणापासून अशीच, पडली तरी आधी लागलं नाही म्हणायची.

नानांना विचारलं, तर पेपर तोंडापुढे धरून म्हणाले, मला काय कळतं त्यातलं. कापसाचे भाव मात्र पाठ असतात!

१९ जानेवारी

राहवेना. गल्लीतल्या किराणावाल्या सायरबाईंकडे गेले. त्यांचे यजमान भिकमचंदशेठ दुपारी जेवायला गेले की दुकानात गल्ल्यावर त्याच बसतात. त्यांचा काटा विजेचा, आणि त्यावर सगळे पॉइंटच पॉइंट. माझी बिबड्यांची वजनं पिशवीत घालून नेली होती. ती बघून आधी पोट धरून हसल्या.

पाव किलोचं वजन काट्यावर ठेवलं. ०.२५० दिसलं. मी म्हटलं, हे कुठून आलं? तर म्हणाल्या, पाव म्हणजे चारातला एक, मग एकाला चाराने भाग. मी म्हटलं, एकात चार कसे जातील? मग पॉइंट दे आणि एकाचे दहा कर, म्हणाल्या. केले. चार दुणे आठ, उरले दोन. दोनाचे वीस. चार पंचे वीस. पंचवीस! काट्यावर तेच! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मग तीन पाव केले, पंचाहत्तर आले. अर्धा केला, एकाला दोनाने, पॉइंट पाच.

म्हणजे पोरगी दीड किलोची होती! दीड म्हणायला योगेंद्ररावांचं काय जात होतं?

मग सायरबाईंनी एका पिशवीत पॉइंट सहा साखर भरली, दुसरीत पॉइंट बेचाळीस, आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. सहाचीच पिशवी जड. सहापुढे शून्य लावून बघ, म्हणाल्या. लावलं. साठ.

तिथेच गव्हाच्या पोत्यावर बसले. बेचाळीस म्हणजे उतरलं होतं! एवढीशी पोर, आणखी उतरली, आणि मी फोनवर ओरडत होते, गल्लीभर खोबरं वाटत होते. पुनमला माझा आनंद मोडवला नाही. बाळंतीण ती, आणि सांभाळलं तिने मला. सायरबाईंनी पाणी दिलं.

२० जानेवारी

आजही सहाच. मला कळलंय हे पुनमला सांगितलं नाही. कसं सांगावं ते सुचत नाही.

दुपारी उगाच परत दुकानात गेले. मी म्हटलं, चाराचं झालं, आता तिनाचं बघू. एक किलो साखरेचे तीन वाटे. भागायला घेतलं तर तीन, तीन, तीन, तीन — संपायलाच तयार नाही! सायरबाई म्हणाल्या, थांबव आता, कागद माझा आहे. काट्यावर तीन पुड्या केल्या, प्रत्येकी ०.३३३, तर एक ग्रॅम उरला. तो आम्ही दोघींनी चाटून खाल्ला. फार दिवसांनी हसले.

२१ जानेवारी

सकाळी पुनमचा फोन. फार खुशीत असल्यासारखा आवाज काढून म्हणाली, "आई, सत्तावन्न झालं बघ!"

साठाचे सत्तावन्न. मी म्हटलं, "अरे वा, पुनम." फोन ठेवला आणि पलंगाखालची बॅग ओढली. मी न सांगताच नानांनी चादर आणून बॅगेवर ठेवली आणि स्टँडवर सोडायला आले.

२१ जानेवारी, धुळे

पुनम व्हरांड्यात बाकावर एकटीच बसली होती. केस विंचरलेले नाहीत. मला बघून दचकली. "तू कशाला आलीस आई? वाढलंय ना?"

"साठाचे सत्तावन्न झाले, पुनम. वाढलं कुठे?"

माझ्या मांडीत तिने डोकं घातलं आणि रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. मी केसांतून हात फिरवत बसले. आता रोज इथेच राहणार, कोणी काही म्हणो.

२५ जानेवारी

सिस्टर म्हणाली, आईला झोप हवी, आजी असली तरी चालते. नातीला माझ्या उघड्या छातीशी बांधलं, वरून शाल. केवढीशी ती! माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. मला जागचं हलायचं नव्हतं आणि हलावंसंही वाटत नव्हतं. १.६४. काट्यावर मीच वाचलं.

९ फेब्रुवारी

२.०! डॉक्टर म्हणाले, उद्याचं वजन बघू आणि सोडू. नानांना कळवलं. त्यांनी लगेच कडीला पाळणा टांगला म्हणे, दोर धुऊन वाळवून.

१० फेब्रुवारी

१.९८. काळजीचं काही नाही, पण आणखी दोन दिवस ठेवू म्हणाले. पाळणा टांगून बसलेल्या माणसाला हे सांगवेना. मग मीही पुनमसारखंच केलं. फोनवर मोठ्या खुशीत म्हटलं, "अहो, एक पॉइंट अठ्ठ्याण्णव!"

नाना त्यांच्या अहिराणीत मलाच धीर देत म्हणाले, "वीस ग्रॅमच उतरनं ना. व्हई जाई बठ्ठं बरं. तू जेवनी का?"

म्हणजे त्या बेचाळीसच्या दिवशीही ह्यांना कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी ताट घेऊन घरोघर गेले होते.