नुसती स्टँडं पाह्यली

घाटनांदूर
ता. ९ नोव्हेंबर २०२५

आम्रपालीच्या मायीस,

सप्रेम जयभीम. मी इकडं खुशाल हाय. तिकडं नागपूरला तू, आम्रपाली, समाधानराव अन् बारकं नातरू खुशाल आसंल असं धरून चालतो. कागद पाहून घाबरू नको. कोनी मेलं न्हाई.

कागद कावून लिहिला, तर फोनवर बोलायची सोयच तुमी ठिवली न्हाई. मी हॅलो म्हनलं की लेक फोनचा आवाज मोठा करती. जवाई तिकडून "मामा, जेवले का" म्हनतो, बारकं मधी वरडतं, अन् समद्यात शेवटी तू म्हनतीस, "आजून काय?" भरल्या बैठकीत आजून काय म्हनल्यावर मानूस काय बोलनार? म्हनून पोष्टात गेलो. पाकीट मागितलं तर पोष्टमास्तर माज्या तोंडाकडं बघाया लागला. "मामा, कुनाला नोटीस पाठवायची का?" म्हनलं, बायकुला. त्यानं लगीच पाकीट काढून दिलं.

तुला विहाराच्या वर्गात वाचाया शिकवलंय. चष्मा लाव अन् तूच वाच. जवायाच्या हातात देऊ नको. एखादं अक्षर अडलं तर सोडून दे, पन कुनाला इचारू नको.

शेळी बरी हाय. मला पिळू देत न्हाई, लाथ मारती. शेजारची अंजना येती, पिळती अन् अर्धं दूध घिऊन जाती. घिऊन जाऊ दे. लिंबोनीला लिंबं लई लागलीत, अर्धी गल्ली नेती. भाकरी मला येत न्हाई हे तुला ठावं हाय. येष्टी हाकायचो तवा मुक्कामी गाडीवर शिकलो ती खिचडी करतो. सकाळी खिचडी, रातीला उरलेली खिचडी. अंजनाचा नवरा शहादेव एक दिस जेवाया बसला अन् परत आला न्हाई.

तुमचं ठीक चाललंय. दसऱ्याला दीक्षाभूमीला म्हनून गेलेल्या बाया, तिथून बोधगया काय, सारनाथ काय. तू फोनवर सांगितलंस, हरनं पाह्यली. बरं झालं. सरकारनं बायांना येष्टीत अर्धं तिकीट केलं तवाच मी वळखलं होतं, आता घरात बाई टिकत न्हाई.

मला इथं लई बरं वाटतंय, खरं सांगतो. पहाटं पहिल्या गाडीचा हॉर्न वाजतो अन् मी गोधडीत पाय तानतो. ती गाडी आता मला घिऊन जात न्हाई. तुला ह्याची गंमत कळायची न्हाई. रिटायर होईस्तवर ह्या घरात मी पाव्हन्यावानी आलो, भाकर खाल्ली, धुतलेला खाकी डरेस घातला अन् गेलो. लेक कवा रांगली, कवा चालली, ते मला तूच सांगितलं. आता कुठं कळालं की मागच्या खिडकीतून थंडीत ऊन थेट बाजेवर येतं. तू कधी बोलली न्हाईस. तुला ठावं आसंल.

जायच्या आदल्या दिवशी तू जे बोललीस ते डोस्क्यातून जाईना. मी म्हनलो, मला काय फिरायचं, सगळा महाराष्ट्र पाह्यलाय. तू पिशवी भरता भरता म्हनलीस, "तुमी नुसती स्टँडं पाह्यली. गावं न्हाई पाह्यली." वनमालाबाई तिथंच हुबी होती. ती हसली. सहल तिनं काढली म्हनून तिला लोकांच्या घरात हसायचा परवाना दिला का? मला राग आलता.

मंग तू गेल्यावर बाजेवर पडून इचार केला. औरंगाबादला लेनी हायत म्हनत्यात, मला कँटीनचा वडा आठवतो. कोल्हापूरला तळं हाय, मला आठवतंय स्टँडच्या मागं जॅक लावून चाक बदललं ते. नाशिकचं काय आठवतंय तर संडास. तुजं खरं हाय. पन लगीच चढून जाऊ नको.

मी आलो न्हाई कारन शेळी कोन बघनार, लिंबोनीला पानी कोन घालनार. अन् घर उघडं टाकून जाता येतं का.

परत कवा येतीस ते कळव. घाई न्हाई. पन कळव.

ज्ञानोबा जोगदंड
रिटायर ड्रायव्हर, अंबाजोगाई डेपो


घाटनांदूर
ता. २३ नोव्हेंबर २०२५

आम्रपालीच्या मायीस जयभीम.

तुजा फोन आल्यापासून जेवन ग्वाड लागंना. खिचडी हाय म्हनून न्हाई.

तू पहिल्यांदाच फोन घिऊन बाल्कनीत गेलीस, दार लावल्याचा आवाज आला. अन् म्हनलीस ते मी आता लिहून ठिवतो, म्हंजे मी ऐकलं नव्हतं असं तुला वाटायला नको. "वनमालाबाईची सांचीची गाडी ठरली, मी जानार. तिथून आल्यावर बी मी लेकीकडंच ऱ्हाते म्हनते. तुमाला घर पायजे, ते तुमाला मिळालंय. मला मानूस पायजे होतं. जलमात एक डाव माज्या शेजारी बसून कुठं गेलात का? नागपूरला निघालो तवा बी तुमी ड्रायव्हरपाशी हुबे. मी एकटी."

अन् फोन ठिवला. मी परत लावला तर आम्रपालीनं उचलला, "पप्पा, काय झालं?" म्हनलं, बारकं जेवलं का.

आता मी सांगतो ते नीट वाच. हसायचं आसलं तर हास, पन बाल्कनीत जाऊन.

मला गाडी लागती.

वाचलंस ते बरोबर हाय. जिंदगी येष्टी हाकन्यात गेली अन् मला गाडी लागती. हातात स्टेरिंग आसलं, रस्ता म्होरं दिसला, की घाट आसू द्या न्हाईतर खड्डे, काई होत न्हाई. पन मागं सीटवर बसलो की संपलं. हे मला बी रिटायर झाल्यावरच कळालं, त्याच्या आदी मागं बसलो कवा? नागपूरला आपुन लेकीची वास्तू बघाया निघालो, दिवसाची गाडी होती. परभनीच्या पुढं त्यो ड्रायव्हर गेर टाकायचा अन् माजं आतडं वर यायचं. गाडी स्टँडवर थांबली तशी तुला म्हनलं, "टायर बघून येतो." तू म्हनलीस, "रिटायर झाले तरी टायरं सुटंनात." मी मागच्या चाकामागं जाऊन सगळं वकलो. दस्तीनं तोंड पुसलं अन् ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन हुबा ऱ्हायलो. तिथून रस्ता दिसत होता म्हनून टिकलो. त्याच्यासंगं डिझेलच्या गप्पा मारल्या त्या तोंड उघडं ऱ्हावं म्हनून. मला त्याच्यात काय ग्वाडी?

एकदा मागं वळून पाह्यलं. तू माज्या जागेवर पिशवी ठिवली होतीस. एक मानूस बसाया आला तर त्याला म्हनलीस, "हितं मानूस हाय." मी ऐकलं. पन आलो न्हाई. आलो आसतो तर तुज्या लुगड्यावर झालं आसतं.

कावून सांगितलं न्हाई? डेपोत कळालं आसतं तर माजं तोंड काळं. भाकरी थापनारीला पिठाची शिंक यावी तसं हाय हे. बाया वकायला लागल्या की आमीच मागं वळून म्हनायचो, "खिडकीतून तोंड काढा माय, गाडी आमाला धुवावी लागती." आता बोधगयेला जायचं, दिवसच्या दिवस ट्रॅव्हल्सात बसायचं, विहारातल्या समद्या बाया बघत्यात अन् मी तोंडाला प्लास्टिकची पिशवी लावून बसलोय. वनमालाबाई लिंबाच्या गोळ्या वाटतीय. त्याच्यापेक्षा शेळीचं नाव सांगितलेलं बरं वाटलं.

तर तुला वाटलं, ह्याला मी शेजारी नको. ते मात्र मला कळालं न्हाई. परवा फोनवर कळालं.

आता दुसरी गोष्ट. अंजनानं तुला फोन करून काई सांगितलं आसंल तर ते खोटं हाय. झालं असं की, मागल्या हप्त्यापासून मी रेल्वेनं परळीला जातोय. स्टेशन आपल्या गावात, एवढे दिस त्याच्यात पाय टाकला न्हाई. येष्टीचा मानूस रेल्वेत बसत न्हाई, असं आमचं होतं. म्हनलं, बघू तर, ही लागती का. जातो, परळीला उतरतो, चहा पितो अन् पुढच्या गाडीनं परत येतो. गल्लीला कळंना. शहादेवनं रस्त्यात धरलं.

"काय बे ज्ञानोबा, बायकू नागपुरात, अन् तू दाढी करून परळीला. तिथं कोन ठिवली का?"

म्हनलं, "ठिवली आसती तर तुला दाखविली आसती का बे?"

मी गंमतीनं म्हनलो. त्यानं घरात सांगितलं. अंजनानं शेळी पिळायची बंद केली. शेळी वरडाया लागली म्हनून मीच तिला धरली अन् लाथा खाऊन पिळली. मंग अंजना आली अन् वट्ट्यावर हुबी ऱ्हाऊन म्हनली, "दाजी, आमच्या बाईला तुमी फसवता का?" लई तापली होती. तुज्या मागं माज्यावर पहारा हाय हे बरं वाटलं. पन खरं काय ते तिला बी सांगितलं न्हाई. तुलाच पहिल्यांदा सांगतो.

रेल्वे लागत न्हाई. सरळ बसून बघितलं, उलटं बसून बघितलं, खिचडी खाऊन बघितलं, उपाशी बघितलं. काई न्हाई. नुसता उजवा पाय वांदं करतो, स्टेशन आलं की बिरेक दाबतो. म्होरचा मानूस म्हनला, "बाबा, माजा पाय तुडवायलात." अन् गाडी सुटायच्या टायमाला मी दोन घंट्यांची वाट बघतो. कंडक्टरनं घंटी मारल्याबिगर गाडी हालती कशी, हे मला आजून पटत न्हाई.

खिडकीतून तुरी दिसल्या. पिवळ्या झाल्यात, नुसत्या फुलावर. मी त्याच रानातनं गाडी हाकली गं इतके साल, पन हाकताना रस्ता दिसतो, रान दिसत न्हाई. म्हशी, सायकली अन् खड्डे, एवढंच पाह्यलं मी. तिथं तुजी लई आठवन आली. तू आसतीस तर म्हनली आसतीस, बघा, एवढं सुदीक पाह्यलं न्हाई.

मी येतो. परळीहून नागपूरची गाडी हाय, रोज न्हाई, पन हाय. येत्या शनिवारी निगतो. शेळी अंजनाकडं, लिंबोनीला शहादेव पानी घालनार, घराला कुलूप. घर उघडं पडत न्हाई, ते आपुन नुसतं बोलायचो.

आता माजी अट. मला तुजं रोजचं हिंडनं जमायचं न्हाई, तसं मी बी तुला बांधून ठिवनार न्हाई. सांचीला दोघं जाऊ. मंग घरी येऊ अन् उन्हाळा होईस्तवर दोघं बी घरात. पुढचं गाव तू ठरव. मला घर आत्ता भेटलंय, अन् तुला वाटतंय तुला ते लई झालं. पन तू तरी त्या खिडकीतल्या उन्हात कवा बसलीस? नुसती झाडत फिरलीस. बस माज्यासंगं चार दिस. मी चहा करतो. चहा मला येतो.

सांचीला रेल्वे जाती का ते समाधानरावाला इचार. कावून पायजे ते सांगू नको. म्हन, मामाला हौस आली. वनमालाबाईला सांग, तू तुज्या मानसासंगं रेल्वेनं येतीस, तिकडंच भेट होईल.

अन् जिथं रेल्वे न्हाई, तिथं येष्टीनं जाऊ. मला ड्रायव्हरपाशी हुबं ऱ्हायचं न्हाई. तू खिडकीला बस. मी पिशवी घिऊन बसतो. वकलो तर तू पाठ चोळायची. बघनारे बघू देत. बघून बघून किती बघतील.

स्टेशनावर तू एकटीच ये.

तुज्या शेजारी बसनारा
ज्ञानोबा