दहाव्याचा वस्तरा

मी, सहादू गणपत बिडवे, वय ७१, धंदा न्हावीकाम, राहणार मौजे सावरखेडे, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात बसून राजीखुशीने लिहवून घेत आहे. हात थरथरतो, डोके शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा जयराम याला, विनाअट. तो सिन्नरला कारखान्यात आहे. कातर कशी धरतात हे त्याला ठाऊक नाही.

२. चावडीजवळचे हे दुकान, खुर्ची, आरसा व वस्तरे वाळू बुधा पगारे याला. कारण सांगतो. मी मराठ्यांची, वंजाऱ्यांची, ठाकरांची, मुसलमानांची हजामत केली. बौद्धवाड्यातल्या एकाचीही नाही. वडील करीत नव्हते, म्हणून मीही नाही. वाळूचा बाप बुधा केस कापायला सिन्नरपर्यंत चालत जाई. शेवटी वाळूच बापाच्या डोक्यावर हात बसवून शिकला. माझ्या धंद्याचा एकमेव वारस मी न शिकवता तयार झाला.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना माझा हात ठेचला. बुधाने मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, त्याच्या बायकोने, सरुबाईने, महिनाभर भाकरी पुरवली. हात बरा झाला, तरी बुधाचे केस कापायचे मी लाजेने आज-उद्या करीत राहिलो आणि बुधा वारला. आता तीन वर्षे माझी दाढी वाळू करतो, एकदाही कापलेले नाही. या घराचे उपकार मी मान्य करतो, ते फिटायचे नाहीत.

३. माझ्या दहाव्याला जयरामचे डोके वाळूनेच भादरावे. भाऊबंदांना हे मान्य नाही. जयरामही चारचौघांत म्हणाला, "आबा, दुकान द्या त्याला. पण त्याच्या हाताखाली मी डोकं देणार नाय."

वाळू म्हणाला, "जाऊ द्या नाना. तुमची दाढी करतो, तेवढं लय झालं."

मला ते पुरेसे वाटत नाही. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केस निघतात, म्हणून भाऊबंदांविषयी अधिक लिहीत नाही. जयराम, सक्ती नाही. पण मला जमले नाही ते तुला जमावे, एवढीच इच्छा.

४. पुरवणी. वरील मजकूर लिहिणाऱ्या गुरुजींनी वाचून दाखवला, तेव्हा जयराम उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आत आला, टोपी काढून खुर्चीत बसला आणि वाळूला म्हणाला, "आज नुसती दाढी कर. दहाव्याचं दहाव्याला बघू."

वाळूने त्याच्या गालाला पाणी लावले. हे डोळ्यांनी पाहून, समाधानाने, सही करीत आहे.

सही: सहादू गणपत बिडवे
साक्षीदार: रशीद कासम शेख (सही), बारकू लक्ष्मण सांगळे (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार: वाल्मीक गुरुजी
मु. सावरखेडे, ता. ९ मार्च १९८४