हे कुणाला?

१४ जानेवारी १८३१
पोचलो एकदाचा! जगाच्या दक्षिण टोकाशी, कैद्यांच्या या बंदरात नवं कोरं गलबत उभं आहे आणि मी त्याचा सुकाणी. विसाव्या वर्षी! आईला कळलं तर गल्लीभर सांगून घसा बसवून घेईल. गलबत कैद्यांनीच बांधलंय, लाकडाचा वास अजून ओला आहे. त्यांचा मुख्य सुतार नॅब. पाठीवर चाबकाचे वळ, तोंडावर हसू. म्हणाला, सुकाणीसाहेब, मिशी मागच्या बोटीने येतेय वाटतं! मीही हसलो.

१७ जानेवारी
वाऱ्यासाठी थांबलोय. जेवण वाटायची आम्हा खलाशांची रीत कैदीही पाळतात. एकाने पाठ करायची. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हे कुणाला? पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. मग मोठा तुकडा कुणालाही जावो, भांडण नाही. मी नवा, कुणाचा मित्र ना वैरी. म्हणून पाठ मीच करतो.

१९ जानेवारी
नॅब पाण्याची जादा पिंपं चढवतोय. गलबत नुसतं मोठ्या बंदरात पोचवायचंय; तीन दिवसांच्या प्रवासाला एवढं पाणी? मी जवळ गेलो की सगळे गप्प. म्हातारा टोबिन तेवढा आपला पाव मोडून अर्धा मला देतो. कप्तानाला सांगितलं. नव्या गड्याला प्रत्येक सुतार चोरच दिसतो म्हणाला, आणि पहाऱ्याच्या शिपायांना घेऊन बदकं मारायला गेला.

२० जानेवारी
गलबत त्यांनी घेतलं. रक्त सांडलं नाही. कप्तान अन् शिपाई काठावरच राहिले, निम्मं अन्न नॅबने त्यांना पाठवलं. मला उतरू दिलं नाही. होकायंत्र त्यांच्यापैकी कुणालाच कळत नाही. सात कैदी आणि मी, पूर्वेला, दक्षिण अमेरिकेकडे. नॅब म्हणाला, जमीन दिसेपर्यंत तू आमचा जावई.

११ फेब्रुवारी
ओलं लाकूड आकसलं, फटी पडल्या. बिस्किटांत खारं पाणी शिरलं. वाटे बोटाएवढे. पाठ केली की मानेवर सगळ्यांची नजर जाणवते.

२६ फेब्रुवारी
काल शेवटचा वाटा संपला. तरी आज नॅबने हाक मारली, जावईबापू, पाठ करा. वाटलं, काही सापडलं असेल! मागून एकदाच विचारलं, हे कुणाला? मी टोबिनचं नाव घेतलं. त्याच्या अर्ध्या पावाची आठवण होती. वळून पाहिलं. फळीवर अन्न नव्हतं. नुसती कुऱ्हाड होती.

२७ फेब्रुवारी
टोबिन कुठे, विचारलं. नॅब म्हणाला, नाव तू घेतलंस, आमचे हात स्वच्छ. भांडं चुलीवर आहे. मी खाल्लं नाही.

१ मार्च
खाल्लं.

५ मार्च
पुन्हा पाठ. नाही म्हटलं. नॅब म्हणाला, मग तुझंच नाव धरतो. — घेतलं एकाचं. आता सहा उरलो.

८ मार्च
पहाटे पाण्यात हिरवी फांदी. जमीन जवळच. माझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. जमीन दिसली की होकायंत्र संपलं, जावईपण संपलं. वर मी साक्षीदार. — सुकाण उत्तरेला वळवलंय. पण किती दिवस? मध्ये पुन्हा पाठ करावी लागली तर —

९ मार्च
नॅबला होकायंत्र कळत नाही. सावली कळते. इकडे दक्षिणेत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो; पूर्वेला जाताना डोलकाठीची सावली रोज उजव्या कठड्याकडे पडायची. आज मागे, माझ्या पायांवर. त्याने तिच्यावर खडूने रेघ मारली. माझ्याकडे पाहिलं.

१० मार्च
किनाऱ्याचे पक्षी. सगळ्यांनी पाहिले. नॅब हसतोय. म्हणाला, जावईबापू, आज तुम्ही पाहुणे, पाठ आमच्यातला डफी करेल. लिहायला वेळ मागितला. लिही की, म्हणाला. — डफीने पाठ केली. या बाजूने फळी दिसते. वरची कुऱ्हाडही दिसते. नॅबने बोट ठेवलं — विचारलं — डफी कुणाचं ना —