दाखल्यावरचं नाव

अहो,

भात झाकून ठेवलाय, भाजी तेवढी गरम करून घ्या. बाळाला घेऊन मी जन्मनोंदणीच्या कचेरीत जातेय.

सकाळी तिला दीड महिन्याची लस द्यायला नेलं होतं. नर्सबाईंनी "मार्था कोण?" म्हणून तीनदा हाक मारली. दुसऱ्या कुणाचं बाळ असेल म्हणून मी जागची हललेसुद्धा नाही. शेवटी त्यांनी बापाचं नाव वाचलं, आणि दाखल्यावरून केलेलं कार्ड माझ्यापुढे धरलं.

हन्ना ठरलं होतं ना आपलं? सात वर्षं डॉक्टरांच्या दारात बसून मी बायबलातली तिचीच गोष्ट वाचायचे. देवाकडे मूल मागताना तिचे नुसते ओठ हलत होते, आणि पुरोहिताला वाटलं, बाई प्यायलीय. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "मुलगी झाली तर हन्नाच." आणि नोंदवून आलात आईंचं नाव! वर दीड महिना तिला "हन्ना, हन्ना" करून खेळवलंत.

नाव बदलायच्या अर्जावर बापाचीही सही लागते. अर्ज टेबलावर आहे. सही करायची असेल तर चारच्या आत घेऊन या, मी तिथेच बाकावर बसलेली असेन. नाहीतर ताईकडे जाईन. बाळाचे कपडे बरोबर घेतलेत.

आईंना काही बोलू नका. त्यांच्यावर माझा राग नाही. मला वांझ म्हणाल्या, दुसरी सून आणीन म्हणाल्या, पण जे म्हणाल्या ते माझ्या तोंडावर म्हणाल्या.