कडेपर्यंत घासलेला टायर

मी, भीमराज नरसिंग खिल्लारे, वय छत्तीस, पूर्वी शिक्षक, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात चालतात. कमरेखाली काही चालत नाही. मूत्रपिंडे थकली आहेत, म्हणून हे आता लिहायचे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी तसली वेगाची मोटारसायकल चालवत होतो म्हणून काहींना त्या दाखल्याची शंका येईल. त्यांनी ती मनात ठेवावी.

१. राहते घर पत्नी पल्लवी हिचे. आई चांगुणाबाई हयात असेपर्यंत पुढची खोली आईची. पल्लवीने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. आईला हे वाक्य आवडणार नाही. मी ते विचार करून लिहिले आहे.

२. बँकेतली शिल्लक पल्लवीची. चौथ्या कलमाचा खर्च तेवढा त्यातून करावा. पुस्तके शाळेला.

३. तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर, एका वळणात, ग्यानबा नावाच्या शेतकऱ्याने सोयाबीन वाळत घातले होते. आमच्याकडे सुगीत डांबरी रस्ता हेच खळे असते. मी गाडी वळणात झुकवली होती. दाण्यांवर टायरला धरायला काही मिळाले नाही. पुढे ग्यानबा घरी भेटायला आला. उंबऱ्याजवळच बसला.

"मास्तर, वर्सानुवर्सं आमी तिथंच वाळवून राहिलो. बैलगाडी कधी घसरली न्हाई."

पल्लवी म्हणाली, "काका, बैलाला येवढी घाई नसते."

तो हसला, मग रडला. त्याच्यावर केस करावी, असे माझा धाकटा भाऊ प्रमोद आजही म्हणतो. करू नये. बैलगाडीचे म्हणणे मला मान्य आहे.

४. पडलो तेव्हा लोक धावत आले. चांगले लोक होते. त्यांनी हेल्मेट ओढून काढले, बगलेत धरून मला बसवले आणि पाणी पाजले. पडल्यावर मला पाय जाणवत होते. पाणी पिऊन झाल्यावर जाणवेनासे झाले. पेला कोणाचा होता हे मला माहीत आहे. इथे लिहीत नाही. त्या वळणाजवळच्या चहाच्या टपरीत एक लांब फळी आणि बांधायचे पट्टे ठेवावेत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावे: पडलेल्याला उठवून बसवू नका. मान हलवू नका. पाणी पाजू नका.

५. माझ्या अंत्ययात्रेत गाड्यांची रॅली काढू नये. चौकात गाडीवरच्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. मित्र रविंद्र गेला तेव्हा आम्ही रॅली काढली होती. त्याच्या दारासमोर सगळ्यांनी मिळून इंजिने रेस केली. त्याची आई रुक्माबाई दारात येऊन काहीतरी म्हणत होत्या. ओठ हलताना दिसले, ऐकू कोणालाच आले नाही. त्रिशरण-पंचशील म्हणावे. तेवढे पुरे.

६. मोटारसायकल. निळी, चार सिलिंडरची, नांदेडहून जुनी घेतलेली. तिच्याबद्दल खोटे लिहिणार नाही. गियर चढत जातात तसा रस्ता अरुंद होत जातो, कडेच्या झाडांची भिंत होते आणि डोक्यातले बोलणे थांबते. वळणात गुडघा डांबराजवळ जातो. आता चुकायला जागा नाही, हे शरीराला आधी कळते. गावात, बँकेत, शाळेत माणसे आधी आडनाव विचारतात. त्या वेगात आडनाव मागे राहायचे. हे मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही. पाय गेल्यावरही माझे मत बदललेले नाही.

प्रमोदने शंकरसिंग मिस्त्रीकडून गाडी दुरुस्त करून घेतली. नवे टायर घातले. रोज सकाळी तो ती अंगणात सुरू करायचा.

"दादा, बॅटरी उतरून जाईल न. काहून बंद ठेवायची?"

पल्लवी म्हणायची, विकून टाका. आई म्हणायची, "एक लेकरू पलंगावर, दुसरं गाडीवर. मी कोनाकोनाला उचलू?"  इंजिनाचा तो आवाज ऐकायला मी आधीच जागा झालेला असे.

प्रमोद सांगायचा, गाडी फाट्याच्या पुढे नेत नाही. गेल्या आठवड्यात मी चाकाची खुर्ची अंगणात न्यायला लावली आणि मागचा टायर पाहिला. गाडी सरळ चालवली तर टायरची कड कोरी राहते. वळणात जितकी झोपवावी तितकी कड घासत जाते. हा टायर दोन्ही बाजूंनी शेवटच्या धारेपर्यंत घासला होता. माझा कधी इतका घासला नव्हता.

"धरणाकडं जातूस?"

"व्हय."

"सोयाबीन?"

"सुगी सरली न, दादा," तो हसत म्हणाला.

मला आधी अभिमान वाटला. मग भीती वाटली. क्रम असाच होता. सुगी दर वर्षी येते.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. प्रमोद तोवर थांबणार नाही. म्हणून हे कलम आजच अमलात आणले आहे. शंकरसिंगने दुपारी इंजिन उतरवले. त्याचे सुटे भाग आयटीआयच्या मुलांना शिकायला द्यावेत. सांगाडा कापून भंगारात घालावा. गाडी विकली असती तर प्रमोदने तीच हप्त्यावर परत आणली असती. आता तो दुसरी घेईल. ती माझी नसेल. माझ्या हातात इतकेच आहे.

७. प्रमोद यास या मृत्युपत्राने काहीही देत नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष घालू नये, असा संकेत आहे. म्हणून पहिली साक्ष त्याची घेतली आहे.

अंमलबजावणी पल्लवीने करावी. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. यानंतर लिहीन असे वाटत नाही.

आखाडा बाळापूर, ११ जानेवारी २०२५
(सही) भीमराज नरसिंग खिल्लारे

लिहिणाऱ्याने आमच्यासमोर सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार
१. (सही) प्रमोद नरसिंग खिल्लारे
२. (सही) शंकरसिंग, मोटारसायकल मिस्त्री

पहिल्या सहीखाली, त्याच पेनने:
वाचलं. पटलं न्हाई. उद्या सकाळी गाडीचा आवाज नसंल. जाग आली तं हाक मार, दादा.